चिंचेवरची वाघळं आणि गुणाजीची कडी

उल्हास नदीच्या काठी, मोहन्याजवळच्या तीन चिंचांवर १९५३ साली आठशेच्या आसपास वटवाघळं लटकत. गुणाजी भोईर तिथला मासेमारी करणारा. मुंबईचे प्राध्यापक श्रीपाद लेले यांच्यासाठी तो वाघळंही धरू लागला. ती हिवाळ्यात कुठे जातात, हे लेल्यांना शोधायचं होतं. वाटेवरची झाडं वाचवायची तर आधी वाट कळायला हवी. पहाटे परतणारी वाघळं गुणाजी बांबूंवर ताणलेल्या जाळ्यात धरी. लेले नंबर कोरलेलं ॲल्युमिनियमचं कडं पंखाच्या हाडावर बसवून त्यांना सोडून देत. मेलेलं वाघूळ सापडल्यास कडं परत पाठवा, अशी पत्रं गावोगावच्या शाळांना गेली होती.

पहिलं कडं गुणाजीलाच सापडलं, विहिरीजवळ मरून पडलेल्या वाघळाच्या पंखात. घरी नात तुळसा तापाने फणफणली होती. बायकोने, हौसाबाईने, कडं काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या मनगटाला बांधलं.

"दिसभर उलटं टांगतं, तरी पडत नाय. पोरीलापण धरून ठेवील."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. एकच तर आहे, म्हणून गुणाजी लेल्यांशी बोलला नाही.

वर्षभराने कल्याणच्या बाजारात भाजीवाल्या शेवंतीच्या मुलाच्या मनगटावर त्याला तसंच कडं दिसलं.

"हे कुठलं गं?"

"तुझ्या हौसानेच सांगितला ना गुण! भावाने गलोलीने पाच वाघळं पाडली, तवा एकात गावलं."

दिवाळीपर्यंत त्याने अशी चौदा मनगटं पाहिली. एक चिंच रिकामी झाली होती.

लेले मात्र खुशीत होते. दोनशे कडी घातली, एकही परत आलं नाही. "मरत नाहीत, गुणाजी. घाट ओलांडून लांब जातात. मार्चमध्ये आणखी तीनशे घालू."

त्या संध्याकाळी गुणाजीने तुळसाचा दोरा कापला.

"पोरीला काय झालं तर?" हौसाबाई म्हणाली.

त्याने कडं कमरेला खोचलं. सकाळी त्याने कडं लेल्यांसमोर ठेवलं. "घाटावर नाय गेलं, सायेब. माज्या घरात होतं." मग त्याने बाकीच्या चौदा मनगटांचं सांगितलं.

नवी कडी पेटीतच राहिली. पण आधी घातलेली काढून घेण्याचा उपाय लेल्यांकडेही नव्हता. गुणाजी रोज चिंचेखाली बसू लागला. गलोल घेऊन येणारे त्याला हसत.

"तुझी नात बरी झाली ना रे? मग आमच्या पोरांनी काय केलंय?"