चिंचोके सर

आमचे पीटीचे सर मैदानावर यायच्या आधी त्यांचा खिसा ऐकू यायचा. पॅन्टच्या उजव्या खिशात मोजून साठ चिंचोके. मी एक बॉल फेकला की सर एक चिंचोका उजव्या खिशातून काढून डाव्यात टाकायचे. उजवा खिसा रिकामा झाला की माझं फेकणं बंद, मग समोर कोणीही उभं असो. हजेरीपटावर त्यांचं काही तरी भारदस्त नाव होतं, पण नवेगाव बांधच्या आसपास ते चिंचोके सरच होते.

बेसबॉल हे नावच आमच्या गावाला नवीन होतं. सर कुठल्याशा शिबिरात तो शिकून आले आणि पोत्यात नऊ ग्लोव्ह, दोन बॅटी घेऊन आले. क्रिकेट खेळणारी पोरं आम्हाला खूप हसली. मी आठवीत होते, अंगानं उंच होते आणि आंब्यावर मारलेला माझा दगड सहसा वाया जात नसे. सरांनी ते पाहिलं आणि मला पिचर केलं, म्हणजे बॅटवालीला बॉल टाकणारी. तो बॉल तिच्यामागे बसून झेलायला माझी मैत्रीण सुनंदा. तिचे वडील तलावात मासे धरायचे. हातचा मासा न सोडणाऱ्याची लेक बॉल सोडणार नाही, असा सरांचा हिशोब होता आणि तो खराही निघाला.

स्पर्धा पावसाळ्यानंतर असायच्या. होळी झाली की सर बॉल कपाटात घालून कुलूप लावायचे. दोन महिने बॉलला हात लावायचा नाही. मी कुरकुरले तर म्हणायचे, "जमीन उन्हाळ्यात तापते, तवा धान होते वो. हातालेही तसाच उन्हाळा लागते." पण उन्हाळा म्हणजे आराम, असं मात्र नव्हतं. पहाटे तलावाच्या पाळीवर पळायचं. मग आंब्याच्या खोडाला सायकलची जुनी ट्यूब बांधून ती हळूहळू ओढायची आणि त्याहून हळू सोडायची. सिमेंटच्या पिशवीत मुरूम भरून ती छातीशी धरून उठाबशा काढायच्या. मोहफुलं वेचायला गेलो तर तिथेही सर हजर. "कंबर नको वाकवू, गुडघे वाकव. बॉल हातानं नाही, टाचेपासून फेका लागते."

सगळ्यात गंमत धानाची होती. घमेलंभर धानात मनगटापर्यंत हात खुपसून मुठी उघडायच्या आणि मिटायच्या, दोनशे वेळा. आई कपाळाला हात लावायची. "मास्तर, धान खाल्ल्यानं ताकद येते. त्याच्यात हात घालून कोणाले आली?" सर ओसरीवर बसून तिच्याच हातचा चहा पीत म्हणायचे, "बाई, तुमची पोरगी पोलिसात लागली का मग मले विचारजा." पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागा असतात आणि राज्यस्तरावर खेळल्याचं प्रमाणपत्र तिथे चालतं, हे आमच्या घरात पहिल्यांदा सांगितलं सरांनीच. तेव्हापासून आई स्वतः घमेलं भरून ठेवू लागली.

मी सरांवर आजही चिडलेली आहे, हे सांगून टाकते. पण माणूस शिकवायचा मन लावून, ते का लपवू? एकदा खांद्यात नुसती चमक आली. त्या दिवशी संस्थेचे सचिव मुद्दाम खेळ बघायला आले होते. तरी सरांनी मला बसवलं. "खांदा काय बाजारात भेटते, साहेब?" असं त्यांना तोंडावर म्हणाले. सर त्या शाळेत सात वर्षं बिनपगारी होते, सचिवांच्या मर्जीवर. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला.

त्यांचा एक नियम होता. "फेकायचं तू, मोजायचं मी." मोजत फेकणारी पोरगी जपून फेकते, असं ते म्हणायचे. म्हणून मी कधी मोजलंच नाही.

अकरावीत असताना नागपूरला विभागाचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर राज्यावर जायचं. सचिव मांडवात खुर्ची टाकून बसलेले. संघ राज्यावर गेला तर सरांच्या नेमणुकीची ऑर्डर काढतो, असं त्यांनी सांगितलं होतं आणि ते आम्हा सगळ्या पोरींना माहीत होतं. सामना लांबला. माझा हात जड व्हायला लागला. मी विचारलं, "किती झाले सर?" "अठ्ठेचाळीस. बारा राहिले." बाराच तर आहेत म्हणून मी जीव लावून फेकले. बऱ्याच वेळानं परत विचारलं. "पंचावन्न," सर म्हणाले. खांद्यात कोणी सुरी फिरवावी तसं होत होतं. मला वाटलं, मीच नाजूक झाले. पंचावन्नातच रडायला लागले म्हणून माझी मलाच लाज वाटली. आम्ही जिंकलो.

परतीच्या गाडीत सुनंदा माझा हात चोळत म्हणाली, "एकशे बारा फेकलीस वो आज. मानलं तुले." मला कळेना. झेलणारीला मनात मोजायची सवय असते. तिनं सांगितलं, उजवा खिसा रिकामा झाला तेव्हा सरांनी डाव्यातले सगळे चिंचोके मुठीनं काढून परत उजव्यात भरले. "मले वाटलं, तुले सांगून राहिले असतील." पुढच्या सीटवर सर सचिवांच्या शेजारी बसून हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत त्यांना गाठलं. "सर, खोटं काऊन सांगितलं?" ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "खरं सांगतलं असतं तं तू भेली असतीस."

मी भ्याले नसते. हेच मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही. सरांनी विचारलं असतं, "रंजना, साठ झाले, माझी सात वर्षं अडकली आहेत, फेकतेस का?" तर मी फेकलंच असतं, हसत फेकलं असतं. त्यांनी मला विचारलं नाही. मला फसवलं.

राज्यावर मी बाकावर बसून राहिले, हात खांद्याच्या वर जाईना. प्रमाणपत्र मिळालं. सरांची ऑर्डर आली, त्यांनी शाळेत पेढे वाटले आणि मीही खाल्ला. पुढे पोलीस भरतीला गेले. धावण्यात पहिल्या पाचांत आले. मग गोळाफेक. गोळा खांद्याला लावून ढकलला तर तो माझ्याच पायाजवळ पडला. भरतीचे साहेब म्हणाले, "बेटी, और दो मौके हैं." दोन्ही तसेच गेले. घरी आले तेव्हा आईनं घमेल्यातलं धान परत पोत्यात ओतलं.

आता मी गावात कपडे शिवते. शिवायला हात वर करावा लागत नाही. उन्हाळ्यात सकाळी गावच्या पोरींना पाळीवर पळवते, ट्यूब ओढायला लावते. सरांनी शिकवलेलं सगळं तसंच्या तसं शिकवते, कारण ते खरंच चांगलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात सर आले, मोटारसायकलवर, मागे त्यांची तेरा वर्षांची मुलगी. आता त्यांचं सडक अर्जुनीला घर आहे. केस पिकले होते. माझ्या अंगणात उभं राहून म्हणाले, "हिले पिचर करून दे. तुझ्यासारखी शिकवणारी जिल्ह्यात नाही." मी पोरीला आत बोलावलं. तिचा काय गुन्हा? निघताना सर मोटारसायकलला किक मारता मारता थांबले, जवळ आले आणि तिला ऐकू जाऊ नये असं हळूच म्हणाले, "रंजना, खांदा सांभाळजो वो पोरीचा. एकदा गेला का येत नाही."

मी हो म्हटलं.

पोरगी रोज येते. हात छान आहे तिचा. सर तिला सोडायला येतात. त्यांना मी कधी आत बोलावलेलं नाही.