पुसलेली वाट

"पुस ते बठ्ठं. तुन्हाच पायघाई पुस."

मैदानाच्या कडेला उभं राहून संस्थेचे अध्यक्ष, आबा, मला म्हणाले. सगळा वर्ग बघत होता. मी चपला काढल्या आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा पायाने पुसू लागलो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. चोपड्याजवळच्या एका गावात मी आठवीला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवायचो. पुस्तक वाचून दाखवलं की पोरं पेंगायची. म्हणून त्या दिवशी मैदानावर गावाचा नकाशा काढायला घेतला. प्रत्येकाने आपल्या घराच्या जागी उभं राहायचं, आणि घरात पाणी जिथून येतं तिथपर्यंतची वाट चालत चालत फक्कीने आखायची. पोरं खुलली. "तुन्हं घर ते नदीमा गयं रे!" म्हणून एकमेकांना चिडवू लागली.

मथुरा गावाबाहेरच्या वस्तीतली. आबांच्या मळ्यातली विहीर तिच्या घरासमोरच. पण तिची रेघ त्या विहिरीला वळसा घालून, सगळ्या गावाच्या कडेने पार नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यापर्यंत गेली.

"इतला फेरा कसाले वं?" कुणीतरी विचारलं.

"त्या इहीरवर आमले चढू देतस नही."

आबा नेमके तेव्हाच ऑफिसातून बाहेर आले होते. "मास्तर, तू शिकाडी ऱ्हायना का गावमा भांडणं लाई ऱ्हायना?"

माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणालो, "आबा, पोरीने चुकीचं काढलं."

हे मी म्हणालो. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

मग तो पुसायचा हुकूम झाला. पुसत पुसत मी मथुराच्या रेघेपाशी आलो. ती रेघेवर अनवाणी उभी.

"सरक."

"सर, वाट ते तीच शे."

सरकली नाही. मी दंडाला धरून तिला बाजूला केलं. रेघ पुसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मी विचारायलाही गेलो नाही.

नोकरी कायम झाली. निवृत्तीपर्यंत "लिहून घ्या" एवढंच शिकवलं. पोरं पेंगायची. मीही.

आता संस्थेच्या समारंभात निघणाऱ्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे आबांची एखादी आठवण मागितली आहे. ही दिली. मथुराची रेघ बरोबर होती. खोटं मी बोललो.

छापणार नाहीत. मग समारंभाच्या दिवशी फक्की घेऊन त्याच मैदानात जाईन. गुडघे धरतात, वेळ लागेल. मथुराच्या घरापासून झिऱ्यापर्यंत अख्खी वाट काढीन. कुणाला पुसायची असेल तर या वेळी रेघेवर मी उभा असेन.