हर्षितला नवा मिळाला

कळव्यात मालनमावशीची बालवाडी कुठे म्हणून विचारलंत, तर बिल्डिंगखालचा इस्त्रीवालासुद्धा मान वर न करता सांगेल, "दुसरा मजला. दारात बारक्या चपलांची रांग दिसेल, तेच घर." पाटी नाही, गणवेश नाही. इयत्ता तर औषधालाही नाही. दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची सगळी वानरसेना एकाच हॉलमध्ये. का, तर मावशींना हॉलच एक आहे, दुसरा आणायचा कुठून!

सुरुवात झाली ती शेजारच्या स्वप्नाताईमुळे. तिला नोकरीवर जायचं होतं, म्हणून तिची अक्षदा मावशींनी ठेवून घेतली. मग कोणाचा नातू आला, कोणाची भाची आली, आणि घर भरलं. मावशी कराडकडच्या, पाठच्या भावंडांना कडेवर घेऊन वाढलेल्या. पोरं वाढवायची एकच रीत त्यांना ठाऊक, तीच त्यांनी इथे लावली. जो नवा येईल, त्याचा हात त्याच्या आधी आलेल्याने धरायचा. चपला जोडीने कुठे ठेवायच्या, हात कसे धुवायचे, नखं कापलीत का, सगळं त्यानेच बघायचं. एखादी आई विचारायची, "मावशी, मग तुम्ही काय शिकवता?"

"मी? मी मटार आणते," मावशी म्हणायच्या. आणि खरंच आणायच्या. पोरं सोलायची, मोजायची, निम्मे खायची, उरल्याचा पुलाव व्हायचा.

आता ह्या राज्यात एकच जीव दुःखी होता, तो म्हणजे हर्षित. अजून तीन पुरे नाहीत, आणि सगळ्यांत शेवटी आलेला. दिवाळीपासून नवं कोणी येईचना. प्रत्येकाला शहाणपण शिकवायला कोणीतरी होतं, ह्यालाच कोणी नाही! बेल वाजली की स्वारी दाराकडे धावायची, "नवा आला?" यायचा गॅसवाला. एकदा तर त्याने कुरियरवाल्याचं बोट धरून त्याला बेसिनपर्यंत ओढत नेलं होतं. तो बिचारा हात धुऊन गेला.

आणि अशात खालच्या मजल्यावरच्या भीमाबाईंनी तक्रार केली. डोक्यावर दिवसभर घोडे नाचतात, बालवाडी बंद करा. रविवारी सोसायटीची मीटिंग, आणि त्याआधी सेक्रेटरी गुणाजी सावंत स्वतः बघायला येणार. ते जे सांगतील तसं होणार.  मावशींचा मुलगा साईनाथ पुण्याला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ही पोरं गेली तर सकाळी उठायचं तरी कशासाठी? भिंतींना चहा पाजायचा?

घाबरलं की माणूस नको ते करतं. मावशींनी ठरवलं, आज खऱ्या शाळेसारखं दिसलं पाहिजे. सकाळीच वयाप्रमाणे ओळी लावल्या. बारके पुढे, मधले मधे, मोठे मागे, हाताची घडी, तोंडावर बोट. झालं! अक्षदा मागे गेली म्हणून सम्यक रडायला लागला. सम्यक रडतो म्हणून प्रीतमने भोकाड पसरलं. मागचे पुढच्यांची नाकं पुसायला उठले, ओळींचा पार भाजीपाला झाला, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

"नवा आला?" म्हणत हर्षित सुटला.

दारात गुणाजीकाका. उंच, कपाळाला आठ्या, बगलेत फाईल. हर्षितने त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. नवा होता. चेहराही पहिल्या दिवशी असतो तसाच रडका होता. आता आणखी काय पुरावा हवा!

"रडायचं नाय," हर्षितने त्यांचं बोट धरलं. "मी हाय ना. चप्पल काढ."

"अरे हर्षित! सोड काकांना!" मावशी धावल्या. पण काकांनी चप्पल काढलीसुद्धा होती. नातवंडं परदेशात असलेल्या माणसाचं बोट एवढ्या गच्च कोणी धरलं, तर तो काय करणार?

"अशी नाय. जोडीने." काकांनी जोडीने ठेवली. मग बेसिनवर वरात. हात धुऊन झाले. नखांची तपासणी झाली, आणि हर्षितने जिभेने च्यक् केलं.

"मोठी झाली. उद्या कापून ये."

"बरं," सेक्रेटरी म्हणाले. मावशींनी पदर तोंडात कोंबला.

मग काकांना मटारच्या परातीपाशी बसवलं. गुडघे कुरकुरले, फाईल कोपऱ्यात गेली. काकांनी शेंग घेतली ती दोन्ही बाजूंनी पिळली, दाणा उडून थेट सम्यकच्या कपाळावर. सगळी पोरं खिदळली. हर्षित मात्र हसला नाही. त्याने काकांचा अंगठा धरून शेंगेच्या शिवणीवर टेकवला. "इथे दाब. हळू." टप्पकन शेंग उघडली. काकांचा चेहरा असा फुलला, म्हणाल लॉटरी लागली. त्या आनंदात त्यांनी पाय लांब केला, आणि परात!

ठण्ण, ठण्ण, ठणण्ण! मटार हॉलभर. "पळाले, पळाले!" म्हणत पोरं सोफ्याखाली, टेबलाखाली, कपाटामागे. आणि सेक्रेटरी? कॉटखाली! बाहेर फक्त दोन तळपाय. आतून आवाज, "हर्षितदादा, इकडे खूप आहेत रे!"

पुन्हा बेल वाजली. लांब. रागीट. मावशी समजल्या आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. संपलं सगळं.

दारात भीमाबाई, कमरेवर हात. "आहेत कुठे ते सावंत? आता तरी ऐकला ना आवाज?"

सावंत कॉटखालून निघाले. केसांत कोळ्याचं जाळं, मुठीत मटार. काहीतरी कडक बोलायचं म्हणून त्यांनी घसा खाकरला, तोच हर्षितने त्यांचा लेंगा ओढला. डोळे चमकत होते, पण आवाज जबाबदार माणसाचा.

"नवी आली. आता तुझा नंबर."

नियम म्हणजे नियम. गुणाजीकाकांनी एकदा फाईलकडे पाहिलं, एकदा हर्षितकडे. मग पुढे होऊन भीमाबाईंचा हात धरला.

"रडायचं नाही. मी आहे ना. आधी चपला काढा, जोडीने."

भीमाबाईंनी खाली स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. मग आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग त्या अशा हसल्या की चौकटीला धरावं लागलं. मावशी हसता हसता रडायलाच लागल्या. रडू आवरेना, हसूही आवरेना. अक्षदाने येऊन त्यांचं नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. हर्षित धावला. दारात गुणाजीकाका, चपला आधीच जोडीने काढलेल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नखं कापलेली, अगदी मुळापर्यंत.

"शाब्बास," हर्षित म्हणाला.

"मावशी, रविवारच्या मीटिंगचं टेन्शन घेऊ नका," काका आत येत म्हणाले. "तक्रार मागे घेतलीय. फक्त दुपारी दोन ते चार जरा हळू, त्या झोपतात."

"मागे घेतली? भीमाबाईंनी?"

काका बाजूला झाले. मागे जिन्यात भीमाबाई उभ्या होत्या. एका हातात मटारची पिशवी, आणि दुसरा हात पाठीमागे लपवलेला.

"माझी राहिलीत कापायची," त्या हळूच म्हणाल्या. "चालेल का आजचा दिवस?"