पोर शहाणी झाली म्हणे

शांत बसा म्हणे! गोदामात दुपारची जेवणं झाली की आम्हा पॅकिंगच्या बायकांना पुठ्ठ्यांवर बसवायचे आणि ठाण्याहून आलेल्या एक बाई डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगायच्या. आम्ही मागितलं होतं काय, तर पोर आजारी पडलं की लवकर सोडा. ते राहिलं बाजूला. साहेबांना वाटलं, बायका फार चिडतात, यांना ध्यान शिकवा. काल्हेरला जिकडेतिकडे नवीन गोदामं उठत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

घरी राहनाळला माझी दीड वर्षाची मुलगी सासूबाईंजवळ असायची. आमच्याकडे रीतच अशी, की कामाला जाणाऱ्या आईने पोराची नजर चुकवून निघायचं. सांगून गेलं तर पोर रडतं, आणि रडवून जाणं वाईट. म्हणून सासूबाई तिला मागच्या दारी कोंबड्या दाखवायला न्यायच्या आणि मी चपला हातात घेऊन पुढच्या दाराने सटकायची. स्वतःच्याच घरातून, चोरासारखी! माझ्या आईनेसुद्धा मला हेच शिकवलं होतं.

आधी पोरीने माझी पाठच सोडली नाही. मी मोरीत गेले तरी दाराशी बसून हाका मारायची. एकदा तिने माझी चप्पल तांदळाच्या डब्यामागे नेऊन लपवली. मग हळूहळू ते सगळंच थांबलं. मी जावो नाहीतर येवो, तिला फरक पडेना. संध्याकाळी मी घरात शिरले की एकदा बघायची आणि परत शेजारच्या लूमवरून आणलेल्या, सुताच्या रिकाम्या कांड्या रचत बसायची. उचलून घेतलं तर अंग ताठ करायची. सासूबाई आळीभर कौतुक सांगून आल्या, आमची पोर शहाणी झाली, आता रडत न्हाय.

एका दुपारी ध्यानाच्या बाई म्हणाल्या, राग आला तर त्याला ढकलू नका, तो कुठे आहे ते नुसतं बघा. मनात म्हटलं, बघायचंय काय त्यात, नाकावरच तर बसलाय. पण डोळे मिटलेलेच होते, म्हणून बघितलं. साहेबांवरचा राग होता, सासूबाईंवरचा होता. त्याच्या खाली भीती होती. पोरीला मी नकोशी झाले, ही भीती. ती शहाणी बिहाणी काही झाली नव्हती, तिने माझी आशा सोडली होती. मला हुंदका आला. बाई हळूच म्हणाल्या, छान, येऊ द्या. छान कसलं डोंबलाचं! घरी माझं लेकरू गप्प झालं होतं, आणि इथे आम्ही साऱ्या गप्प बसलोय म्हणून साहेब दारातून बघून खूश होत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीसमोर खाली बसले आणि सांगितलं, मी कामाला चाललेय, दिवेलागणीला येते. तिने मान वर केली नाही. तरी रोज सांगत राहिले. मग एका सकाळी तिला काय झालं कोण जाणे, माझा पदर धरून तिने जे भोकाड पसरलं, की शेजारणी ओट्यावर आल्या.

"पोरीला रडवून जातेस? कसली आय हायस तू?" सासूबाई म्हणाल्या.

कानशिलं तापली. जिभेवर एक शब्द आला होता, तो बाहेर पडला असता तर घरात महाभारत झालं असतं. मी एक श्वास घेतला. हे मात्र त्या बाईंनीच शिकवलेलं, नाही कशाला म्हणू. पदर सोडवला, पोरीला परत सांगितलं आणि तिच्या डोळ्यांदेखत निघाले.

संध्याकाळी उंबऱ्यात पाय ठेवला तशी पोरगी धावत आली आणि दोन्ही मुठींनी माझ्या मांड्यांवर मारत सुटली. रडत होती, मारत होती. मी तिथेच खाली बसले. दमली तशी मांडीवर चढली आणि माझा गळा धरून बसली.

"झाली ना परत हट्टी?" सासूबाई म्हणाल्या.

"होऊ दे," मी म्हटलं. "माझ्यावर नाही चिडायचं, तर कोणावर चिडायचं तिने?"