तळ्याचं सोयर

"उलटा धरला होता तुला मी, इसरू नको."

हे म्हणताना ती उजवी मूठ हवेत वर करायची. जणू त्या मुठीत आत्ताही कुणाचे तरी दोन चिमुकले पाय आहेत आणि खाली एक बाळ लोंबकळतंय. मग डाव्या हाताने हवेतच एक चापट. चापट हवेला बसायची, पण समोरचा माणूस बूड सावरत दोन पावलं मागे सरकायचा. मग तो सरपंच असो नाहीतर मंत्रालयात शिपाई असून सचिवासारखा चालणारा असो.

कारण ती आमच्या गावाची सुईण होती, आणि गावात चाळिशी ओलांडलेला असा एक माणूस नव्हता ज्याला तिने उलटा धरला नव्हता. मीसुद्धा त्यातलाच. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या निम्म्या गावांतून लोक येतील आणि म्हणतील, आम्हालाही हिनेच धरलं होतं, हिचा पुतळा आमच्या गावात हवा.

पुढे डांबरी रस्ता झाला. फोन केला की गाडी भोंगा वाजवत दारात. बाया शहापूरच्या दवाखान्यात जाऊ लागल्या. "बरंच झालं," ती म्हणायची. "तिकडं बाटलीत रगात असतं. माझ्याकडं काय? गरम पाणी न् शिव्या." पण आयुष्यभर कामात असलेले हात रिकामे झाले, की ते काहीतरी ओढायला शोधतात. तिने गळ धरला.

गावाच्या खालच्या अंगाला आमचं तळं आहे. बांधावर जांभूळ, खाली चार धुण्याचे दगड. त्यातला सगळ्यात गुळगुळीत दगड तिचा. मिश्री लावून बोट पाण्यात बुडवायची, गांडूळ गळाला ओवायची आणि दोरा टाकून बोलायला लागायची. माशाशी! "ये गो बाय, ये. घाबरू नको. जोर कर. आता डोकं काढ... आलं, आलं, आलं!" आणि खरोखर डोकं यायचं. पाठोपाठ अंग. शिंगाळी म्हणू नका, मरळ म्हणू नका, तिने बोलावलं की मासा जन्म घेतल्यासारखा बाहेर. संध्याकाळी त्याचं चिंच घालून कालवण. बाहेर काढताना ती जितकी माया करायची, तितकीच जेवताना विसरायची.

मी शहापुरात खतं-बियाणांचं दुकान चालवतो. सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारच्या दगडावर बसायचो. माझ्या गळाला आजवर एक चप्पल, एक बिनबुडाची बादली आणि एक कासव लागलंय. कासवाने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच माफी मागून दोरा कापला.

आता गोष्ट आषाढातली. श्रावण लागला की आमच्याकडे महिनाभर मासे-मटण बंद, म्हणून आदल्या अवसेला गटारी. त्या दिवशी माणूस उंटासारखा साठा करून घेतो. आणि गटारीला आमचं तळं सगळ्यांचं. गळ, जाळी, पाग, मच्छरदाण्या, एका वर्षी तर एकाने बायकोच्या लग्नातला शालू आणला होता. संध्याकाळपर्यंत तळ्यात पाणीसुद्धा कमी झालेलं असतं, ही अतिशयोक्ती नाही. बरं, थोडी आहे.

त्या वर्षी गटारी आठवड्यावर आली असताना सकाळी मी तळ्यावर गेलो, तर ती दगडावर उभी. गळ गुंडाळलेला. पाण्याकडे बोट.

"बघ."

बांधाजवळ पाण्यावर कुणीतरी कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं दिसत होतं. लालभडक. आणि ते लाल उकळत होतं. जवळ जाऊन पाहिलं, तर सुईएवढी शेकडो पिल्लं, एकमेकांना चिकटून, वर येत, खाली जात. त्यांच्या खाली एक काळी सावली, माझ्या मांडीएवढी. मरळीची पिल्लं! आणि खाली त्यांची आई, राखणीला.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गटारीची सोय बसल्या जागी! पिल्लं असली की मरळ हलत नाही, कुणीही उचलावी. आणि ती उचलली, की पिल्लं बगळ्यांच्या ताटात.

"हात लावू नको," ती म्हणाली. "बाळंत झालीय. तळ्याला सोयर हाय."

मी हसलो. ती हसली नाही. घरात मूल जन्मलं की भावकीला दहा दिवस सोयर, देवाला हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण माशाचं सोयर माणसाला?

"पानी कुनाचं वापरता?" तिने विचारलं. "म्हशी कुठं धुता? ह्याच तळ्यात ना? मंग झाली भावकी. गळाला न् जाळ्याला शिवायचं नाय."

बातमी दुपारपर्यंत गावभर. गावच्या ग्रुपवर कोंबडीच्या हसऱ्या चित्रांबरोबर गटारीचे बेत चालले होते, त्यात हा बॉम्ब. बाया धावत आल्या. "आजी, अवसेला दिव्यांची पूजा असते. सोयर असलं तर दिवे कसे पुजायचे?" तिने मिश्रीचं बोट गालात फिरवत विचार केला. "सोयर गळाला न् जाळ्याला. दिव्याला नाय." असा कायदा कुठल्या पोथीत आहे, असं एका म्हाताऱ्याने विचारलं. मूठ वर गेली. म्हातारा घरी गेला.

लोक हसले, पण मी शेजारी बसत होतो म्हणून मला दिसत होतं. ही थट्टा नव्हती. "माझ्या हातचं एकबी प्वार गेलं नाय," हा तिचा एकुलता एक दागिना होता. आणि कित्येक वर्षांनी तिच्यासमोर कुणीतरी बाळंत झालं होतं. गटारी उलटेपर्यंत पिल्लं वाचवायची. मग श्रावण तिच्या बाजूने, महिनाभर तळ्याकडे कुणी फिरकणार नव्हतं.

ती सकाळी उजाडताच येऊन बसायची ती दिवेलागणीला उठायची. जेवण म्हणजे भाकर आणि कुरडूची भाजी. मी लाच म्हणून सुके बोंबील नेले. तिने बोंबील ठेवून घेतले आणि मला म्हणाली, "आता जा."

शत्रू पुष्कळ. पाणकावळा बुडी मारायला आला, की गोफणीतून चिखलाचा गोळा सुटायचा. असा नेम, की पाणकावळा काळा असतो हे दोन दिवस कुणाला कळत नव्हतं. बगळे यायचे, पण बांधावर रांग लावून उभे राहायचे, रेशनच्या दुकानासमोर उभे असल्यासारखे. खंड्या तारेवर बसून संधी शोधायचा. त्याच्याकडे ती नुसती रोखून बघायची. पाणदिवड वळवळत आली, तर तिने तिला शेपटीला धरून शेजारच्या भाताच्या खाचरात भिरकावली. "जा, बेडकं खा. तिकडं सोयर नाय."

बिबट्याचंही सांगतो. तानसाच्या जंगलातून तो कधीमधी खाली येतो. पहाटे पलीकडच्या काठावर पाणी प्यायला वाकला, तेव्हा ही आधीच दगडावर. "हात धुतल्याबिगर शिवू नको," असं ओरडली म्हणे. बिबट्या खाली बसला आणि जिभेने पंजे चाटू लागला. मी तिला म्हटलं, मांजराची जातच ती, चाटणारच. ती म्हणाली, "तू व्हतास तिथं? हात धुत व्हता." मी नव्हतो. त्यामुळे त्याने हात धुतलेच, असं मी लिहितो.

पाचवीला तिने बांधावर दगड मांडून सटवाईची पूजासुद्धा केली. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहिते. मी म्हटलं, "आजी, एवढ्या शेकडो कपाळांवर लिहायचं म्हणजे सटवाईला ओव्हरटाइम."

"म्हनून तर नारळ मोठा आनलाय," ती म्हणाली.

गटारी उजाडली. गावातल्या बहुतेकांनी मनातल्या मनात चिकनवर समाधान मानलं होतं. पण आमच्याकडे एक टेम्पोवाला आहे, आडदांड, मनाने भला, पण त्याच्याकडे कल्याणहून पाहुणे आले होते आणि त्याने त्यांना गावच्या मरळीचा शब्द दिला होता. तो पाग घेऊन आला. पाग म्हणजे फेकायचं जाळं. फेकताना त्याची एक कड दातात धरावी लागते, आणि म्हणून पाग फेकणाऱ्याला बोलता येत नाही. या गोष्टीचा तिने पुरेपूर फायदा घेतला.

"तू? तुला मी उलटा धरला न् तू माझ्याच बाळंतिनीवर जाळं टाकतूस?"

"म्म्म," टेम्पोवाला म्हणाला. मागे पाहुणे मोबाइल धरून उभे.

"खाली बघ. आय तर हायच, बाप पन हाय. दोघं मिळून पोरं राखत्यात. तुझा बाप कुठं व्हता तू जन्मलास तवा? म्हशाच्या जत्रंत! बैलाचे दात बघत!"

पाहुणे हसले. टेम्पोवाल्याचे कान लाल झाले आणि त्याने खांदा मागे नेला. आता पाग सुटणार, इतक्यात ती लुगडं खोचून सरळ पाण्यात उतरली. गुडघ्याएवढ्या पाण्यात, त्या लाल घोळक्याच्या आणि जाळ्याच्या मधोमध. फेकायचंच असेल तर तिच्यावर फेकावं लागणार होतं.

आणि मरळ तिलाच चावली.

बिचारीला काय माहीत, ही राखणदार आहे. पोरांजवळ पाय आला, तिने धरला. "आय गो!" म्हातारी एवढ्याने ओरडली की बांधावरचे बगळे उडाले. मी हात देऊन तिला दगडावर ओढली. पोटरीला दातांची रांग, रक्ताची बारीक धार. मला वाटलं आता मरळीची खैर नाही. म्हातारी पाहत राहिली आणि मग हसायला लागली. अशी हसली की मिश्री ठसक्यात गेली.

"चावनारच! बाळंतीन हाय ती. तुझी आय पन चावली व्हती, हे बघ."

तिने बांगड्या वर सारल्या आणि मनगट टेम्पोवाल्यासमोर धरलं. आतल्या बाजूला एक जुना, पांढुरका, अर्धगोल वण होता.

टेम्पोवाल्याची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. त्याने जवळ येऊन वण पाहिला. दातातली कड सुटली आणि पागाच्या शिशाच्या गोळ्या छातीवर आपटल्या, त्याला कळलंही नाही.

"हे तिचे दात?"

"मंग? तू पोटात आडवा. रातभर सोडलं नाय तिनं मला."

"दुखलं आसंल तुमाला."

"मला दुखाय टाइम कुठं व्हता रे?"

त्याने एक बोट पुढे केलं, वणाला लावलं आणि लगेच मागे घेतलं. मग पाग गोळा केला, खांद्यावर टाकला आणि पाहुण्यांकडे वळून खेकसला, "मोबाइल खाली ठेवा. सोयर हाय." तासाभराने तो शहापूरहून ब्रॉयलर घेऊन आला. संध्याकाळी तिच्याकडे तंगडीचा तुकडा पोचला. दुसऱ्या तुकड्यासाठी तिने निरोप पाठवला.

श्रावण लागला. पिल्लं वाढू लागली तसा लाल रंग विटत गेला, घोळका सैल झाला, दोन झाले, चार झाले, आणि एका सकाळी पाण्यावर काहीच नव्हतं. ती दगडावरून वाकून वाकून बघत होती.

"मोठी झाली असतील, आजी."

"का खाल्ली आसतील?"

मी बांधावरच्या बगळ्यांकडे पाहिलं. तिच्या दागिन्याला पहिल्यांदाच शंकेचा डाग लागला होता. ती बरेच दिवस कुणालाही उलटा धरल्याची आठवण करून देत नव्हती. गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गौरी-गणपती झाले आणि गळ पुन्हा पाण्यात पडले. तिने टाकला, पण "जोर कर" वगैरे काही नाही. दोरा जरासा थरथरला. तिने उचलला. गळाला बोटाएवढी मरळ, अंगावर काळसर पट्टे, लाल रंगाचा मागमूस नाही. तिने ती तळहातावर घेतली. दोन बोटांनी ओठातून गळ असा काढला की माशालाही कळलं नसावं. उलटीसुलटी करून पाहिली, पोट दाबून पाहिलं, डोळ्यांजवळ नेली.

"एक तरी हाय," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "एक तरी हाय." मग नाक ओढून नेहमीच्या आवाजात, "काळी झालीस गो. लाल जन्मलेली समदी काळीच व्हत्यात," आणि तिला पाण्यात सोडली. त्या दिवशी तिने आणखी गळ टाकला नाही. मला मात्र टाकू दिला. माझ्या गळाला त्या चपलेचा दुसरा पाय लागला.

त्याच थंडीत ती गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. अख्खं गाव खांदा द्यायला. तिरडीच्या मागे चाळिशीच्या पुढचे झाडून सगळे, आणि पुढे टेम्पोवाला, कुणाला आपला खांदा बदलू देत नव्हता.

आता सुट्टीच्या दिवशी मी तिच्या दगडावर बसतो. जागा चांगली आहे, गांडूळ तेच, पाणी तेच. मरळीला दम घ्यायला मधून मधून वर यावं लागतं, हे मला माहीत आहे. शास्त्रातली गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण आमच्या तळ्यातली मरळ वर येते, डोकं काढते, दगडाकडे बघते. दगडावर मी बसलेला दिसतो. मग ती तशीच सावकाश खाली जाते.