प्रेसमध्ये फुललेले माकडशिंग

प्राचार्य टेबलाखाली वाकून मेलेला उंदीर शोधत होते आणि विद्यापीठाची समिती जिना चढत होती. शिपाई मल्लप्पा उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवून केबिनभर फिरत होता. मी दारात उभा. माझी अधिव्याख्यात्याची नोकरी कायम होणे त्या दुपारच्या तपासणीवर अवलंबून होते. चाळिशीनंतर या पेशात आलेल्या माणसाला दुसरी संधी कोण देणार?

आणीबाणीचे दिवस. सोलापुरातल्या आमच्या महाविद्यालयात वासालाही शिस्त लागे.

हा वास कशाचा, याची मला शंका होती. वळसंगपलीकडच्या खडकाळ टेकडीवरून मी माकडशिंग आणले होते. खडकाच्या फटीत उगवणारी ही बिनपानांची, मांसल वनस्पती. तिच्या गडद जांभळ्या फुलांना सडक्या मांसाचा वास येतो. त्यावर माश्या येतात आणि परागीभवन करून जातात. नमुना वाळवण्यासाठी तो कागदांत घालून दोन लाकडी फळ्यांमध्ये आवळतात. त्याला प्रेस म्हणतात. रसाळ वनस्पती मात्र आधी उकळत्या पाण्यात मारावी लागते. पण आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातला एकुलता स्टोव्ह सदैव चहात गुंतलेला आणि मला तो मागण्याचा संकोच, म्हणून मी ती तशीच दाबली. त्यात विभागात उंदीर फार, म्हणून प्रेस प्राचार्यांच्या कपाटावर ठेवला होता.

“सर, मला वाटते...”

“हिरेमठ, आधी उंदीर.”

मल्लप्पाने नाक वर केले. “सायेब, खाली काय न्हाय. कपाटावर मेलंय की कायतरी.”

समिती आत आली तेव्हा प्राचार्य खुर्चीवर उभे होते आणि त्यांच्या हातात माझा प्रेस होता. फळ्यांच्या फटीतून फुलांचा गुच्छ बाहेर आलेला, भोवती माश्या.

समितीतल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई जवळ गेल्या. “किती दिवस दाबलंय?”

“महिनाभर,” मी म्हणालो.

“हे मेलेलं नाही. फुललंय.”

प्राचार्य खुर्चीवरूनच म्हणाले, “मी परवानगी दिली नव्हती.”

बाईंनी आजवर याचे वाळून काळे पडलेले तुकडेच पाहिले होते. त्यांनी भिंग मागितले, नमुना उकळला का नाही हे विचारून माझी स्टोव्हची अडचण ऐकून घेतली आणि त्या पाऊण तास फुलाजवळून हलल्या नाहीत. उरलेल्या समितीने तपासणी व्हरांड्यातून, नाकाला रुमाल लावून, फार भराभर पूर्ण केली.

मी कायम झालो. अहवालात एकच सूचना होती: वनस्पतिशास्त्र विभागास स्वतंत्र स्टोव्ह द्यावा. तो आल्यावर मी त्यावर ‘फक्त वनस्पती मारण्यासाठी’ अशी चिठ्ठी डकवली. त्यावर चहा करायला पुढे कोणी धजावले नाही.

नमुना दाबण्यापूर्वी तो मेला असल्याची खात्री करावी. आणि स्टोव्ह वेळेवर मागावा.