घरी ॲडमिट होता येत नाही

ज्यांच्या घरी विसरण्याच्या आजाराचं माणूस आहे, त्यांना किस्से शोधावे लागत नाहीत. दाराची कडी उघडी राहिली की किस्सा बाहेर पडतो, आणि आपण अनवाणी त्याच्या मागं!

गारखेड्यातल्या एका गल्लीत आम्ही तिघं शेजारी. माझी आई, जाधवचे वडील आणि कुलकर्णी काकूंचे यजमान; हे यजमान शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे सर. तिघांनाही डिमेन्शिया. डॉक्टरांचं तिन्ही घरांना एकच सांगणं, "चोवीस तास जवळ माणूस पाहिजे." असं माणूस ठेवणं परवडेना, म्हणून आम्ही इन्शुरन्सच्या मागं लागलो.

* * *

पहिला फोन जाधवनं केला. वाळूजच्या कारखान्यात, त्याच्या कंपनीत, रात्रपाळी करून आला होता, डोळे लालभडक.

"पेशंट कुठं ॲडमिट आहेत, सर?" पलीकडून मुलीनं विचारलं.

"घरी."

"घरी ॲडमिट होता येत नाही, सर."

"मग मला करा ना! मी लई दिवस झोपलो नाय."

मुलीनं विचारलं, "सर, तुमची पॉलिसी आहे का?"

* * *

काकूंच्या पॉलिसीत घरच्या उपचाराचं कलम होतं; त्याखाली त्यांनी चोवीस तासांच्या माणसाच्या पगाराचा क्लेम टाकला. चौकशीला इन्शुरन्स कंपनीचा माणूस आला. नेमके त्या दिवशी सर एकदम झकास! इस्त्रीचा शर्ट, फर्डं इंग्रजी. पाहुण्याला त्यांनी प्रमेय समजावून सांगितलं.

"हे तर ठणठणीत आहेत, मॅडम!"

नवरा बरा दिसतोय म्हणून घाबरलेली बाई मी पहिल्यांदाच बघितली.

पाहुणा बूट घालत होता. सर काकूंकडं वळून अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्हीही निघा आता. माझी बायको यायची वेळ झाली."

तो माणूस एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला. तरीही क्लेम नामंजूरच झाला; म्हणे, चोवीस तास माणसाची गरज नाही.

* * *

माझ्या आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ठेवलं. ती सलाईन उपसून काढायची, म्हणून तिचे हात पलंगाला बांधले. "सोड गं, भाकरी करपतीय," एवढंच ती म्हणत राहायची. मी तोंड फिरवून बसायचे.

हा क्लेम मात्र लगेच पास! आईला घरी न्यायला जाधव आला होता, त्याला सांगितलं. तो आईच्या मनगटांवरचे वळ बघत राहिला.

"म्हंजी बांधून ठेवलं तर पैसे देतात व्हय!"

* * *

त्या साली दुष्काळ. नळ कोरडे, गल्लीत टँकर यायचा. एका दुपारी जाधवच्या बायकोचा डोळा लागला आणि त्याचे बाबा गायब! जाधव कंपनीतून निघाला. आम्ही नव्या बिल्डिंगांचे खड्डे बघत सुटलो.

बाबा टँकरपाशी सापडले. वैजापूरकडं त्यांची जनावरं होती, कधीच विकलेली. हात आडवा करून त्यांनी बायकांची रांग अडवली होती. "थांबा! आधी जनावरं पिऊ द्या."

आता भांडण होणार, म्हणून मी धास्तावले. पण पुढच्या बाईनं आपली भरलेली बादली त्यांच्यापुढं ठेवली. "घ्या बाबा, पाजा."

जाधव येईपर्यंत बाबा त्या बादलीपाशी राखण करत उभे होते.

* * *

काकूंनी मग इन्शुरन्स कंपनीच्या वरच्या साहेबांकडं तक्रार केली. त्यांच्या ऑफिसात सुनावणी लागली. सरांना ठेवणार कुणाकडं? घेऊनच गेल्या. माझ्या आईजवळ जाधवची बायको बसली, म्हणून मीही गेले.

साहेब सज्जन होते, पण त्यांना पटेना. "घरी ठेवा ना, घर सगळ्यात चांगलं. पण चोवीस तास माणूस कशाला? पाच मिनिटं नजर हटली तर असं काय होतं?"

काकू जीव तोडून सांगायला लागल्या. साहेब ऐकत होते, मीही ऐकत होते. बोलता बोलता काकूंनी शेजारी हात नेला.

खुर्ची रिकामी!

काकू किंचाळल्या. आम्ही जिन्यानं धावलो. साहेबही धावले, चष्मा टेबलावरच टाकून. बाहेर जालना रोडची ट्रॅफिक.

सर गेटसमोरच्या रिक्षात ऐटीत बसले होते. रिक्षावाला काकुळतीला आला होता. "चचा, जाना किधर है, बोलो तो सही!"

सरांनी धापा टाकणाऱ्या साहेबांकडं बोट दाखवलं.

"ह्यांना विचारा. माझं घर ह्यांनाच माहिती आहे."